बाटलीवरचा आकडा आम्हाला मराठीत सांगा

प्रति,
कोकणातले पशुऔषध विक्रेते, जनावरांच्या दवाखान्यांतले डॉक्टर आणि या दोघांवर देखरेख ठेवणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या तळावर वाढले. गाव पारनेर तालुक्यातलं, पण दिवाळी झाली की आमचा वाडा माळशेज घाट उतरून कोकणात यायचा, मुरबाड-कर्जत करत पेण-अलिबागच्या खलाट्यांत, म्हणजे सखल भातशेतांत बसायचा आणि पाऊस लागायच्या आत परत वर चढायचा. अजूनही तसंच चालतं. भात कापलेल्या शेतात रात्री मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, आमच्या पदरात तांदूळ पडतो नाहीतर रोख. लहानपणी घोड्यावरच्या ओझ्यात कोंबड्या, कोकरं आणि मी एकत्रच असायचो. पुढे मावशीकडे राहून शिकले आणि आता पेणला हिशेबाची नोकरी करते. आई, आबा आणि थोरला भाऊ वाड्यावरच आहेत. त्यांची एकशे चाळीस मेंढरं होती.

गेल्या पौषात त्यातली तेवीस आठवडाभरात आंधळी झाली. जंताच्या औषधानं झाली. वर्षभर मी गप्प राहिले, कारण आबांचं म्हणणं होतं की आपण फिरस्ते लोक, पुढच्या साली त्याच दुकानात जायचंय, त्याच शेतात बसायचंय, वैर कशाला. या हंगामात मुरूडच्या बाजूच्या दुसऱ्या एका वाड्यावर तशीच सात मेंढरं गेल्याचं कळलं, आणि म्हणून हे लिहायला बसले.

आधी काय घडलं ते सांगते, म्हणजे तक्रार कशाची आहे ते कळेल.

खाडीच्या अलीकडे, बांधाला लागून असलेल्या एका खलाटीत वाडा होता. मेंढरं मरगळलेली दिसत होती. काहींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली होती. आईनं दोन-चार मेंढ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, आत लाली नव्हती, पांढरट होतं. रक्त पिणारे जंत झाले की असं होतं हे वाड्यावर पोरासोरांनाही ठाऊक असतं. कोकणात भातखाचरांत पाणी साचतं, त्या पाण्यात गोगलगायी असतात, आणि त्यांच्यामार्फत यकृतातला पानासारखा चपटा जंत जनावरात जातो. घाटावरच्या कोरड्या माळापेक्षा इथे त्याची भीती जास्त. म्हणजे औषध पाजायचं हे बरोबरच होतं. आबांचं तिथे काही चुकलं नाही.

आबा तालुक्याच्या दुकानात गेले. नेहमीच्या पांढऱ्या औषधाचं नाव सांगितलं. ते संपलं होतं. दुकानदारानं पाच लिटरच्या कॅनमधून दुसरं औषध संत्र्याच्या सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलं आणि म्हणाला, ''तेच आहे हो, कंपनी तेवढी वेगळी. पाच-पाच मिली द्या सगळ्यांना.'' बिलावर लिहिलं, 'जंत औषध'. एवढंच.

भावानं सुई काढलेल्या सिरिंजनं सगळ्या कळपाला पाच-पाच मिली पाजलं. चौथ्या दिवशी दिवेलागणीला मेंढरं आत घेताना कपाळावर पांढरा चांद असलेली एक मेंढी सरळ वाघरीत घुसली. जाळीत तोंड अडकलं तरी मागे सरेना, पुढेच रेटत राहिली. आई म्हणाली, ''आगं, हिला दिसत न्हाय.'' मोबाईलची बॅटरी डोळ्यावर धरली. डोळा स्वच्छ होता. पाणी नाही, चिपाडं नाहीत, डोळे आल्यावर पांढरी सारी धरते तसलं काही नाही. फक्त मधली काळी बाहुली सताड उघडी होती आणि उजेड पडला तरी आकसत नव्हती. हात डोळ्याजवळ नेला तरी पापणी लवली नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी सहा निघाली. मग रोज दोन-चार. मी रविवारी गेले तेव्हा आंधळी मेंढरं बाकीच्यांच्या मागच्या ढुंगणाला हनुवटी टेकवून चालत होती. पुढची थांबली की ती थांबत आणि पुढची वळली की भलतीकडे जात. एक जण बांधावरून खालच्या चरात पडली होती. आईनं कळपातल्या चार डोळस मेंढ्यांच्या गळ्यात घुंगरू बांधले, आवाजावर तरी ती चालतील म्हणून. चांद असलेली दोन दिवसांत शिकली. बाकीच्यांना ते जमलं नाही.

कुणी म्हणालं डोळे आलेत. कुणी म्हणालं रातांधळेपण आहे, जीवनसत्त्व द्या. दवाखान्यातले डॉक्टर दोन ठिकाणचा कारभार बघत होते, त्यांनी फोनवर डोळ्यांत घालायचे थेंब सांगितले. सातव्या दिवशी ओळखीनं एक तरुण पशुवैद्य आले. त्यांनी बॅटरीनं बाहुल्या तपासल्या, डोस कधी दिला ते विचारलं, बाटली हुंगून पाहिली आणि आबांच्या शेजारी बसून सरळ सांगितलं की ही औषधाची विषबाधा आहे आणि गेलेली नजर आता यायची नाही. खोटा धीर न दिल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्या औषधाचं नाव क्लोझँटेल. सॅलिसिलॅनिलाइड म्हणतात त्या जातीचं औषध, रॅफॉक्सॅनाइड हे त्याचंच भावंड. वाईट औषध नाही हे. यकृतातला चपटा जंत, पोटातला रक्तपित्या जंत, नाकातल्या अळ्या, या सगळ्यांवर चालतं. पण त्याची मात्रा वजनावर काटेकोर असते. पोटातून द्यायचं तर मेंढीला किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपास. हे प्रमाण चार-पाच पटींवर गेलं की मेंदूतला पांढरा भाग सुजतो, डोळ्याकडे जाणारी नस कवटीच्या हाडातल्या अरुंद भोकात चेपते, डोळ्याचा पडदाही खराब होतो. वर उताराही नाही. अशक्त जनावराला याहून कमी मात्राही बाधू शकते, कारण हे औषध रक्तातल्या प्रथिनाला धरून राहतं आणि जंतांनी पोखरलेल्या मेंढीच्या रक्तात ते प्रथिनच कमी असतं. आणि ते लवकर उतरत नाही, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच दोनेक आठवडे लागतात.

मग मी हिशेब मांडला. माझं कामच ते आहे. आबा नेहमी आणायचे ते औषध पाच टक्क्यांचं होतं, म्हणजे एका मिलीत पन्नास मिलिग्रॅम. पंचवीस किलोच्या मेंढीला पाच मिली, बरोबर. नवीन औषध कोणतं ते बघायला मी स्वतः त्या दुकानात गेले आणि कॅनचा फोटो काढून आणला. इंग्रजीत, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: पंधरा टक्के. एका मिलीत दीडशे मिलिग्रॅम. त्याच मेंढीला पावणेदोन मिलीसुद्धा लागत नव्हतं. पाच मिली म्हणजे तिप्पट गेलं. आणि खंगलेल्या, पंधरा किलोच्या मेंढरांच्या पोटात तेच पाच मिली गेलं, म्हणजे पाचपट. तेवीसपैकी अठरा त्या हलक्या मेंढरांतलीच होती.

याच्याही आधी, घाट उतरल्याबरोबर, म्हणजे अठरा दिवस अगोदर, एका फिरत्या माणसानं कळपाला इंजेक्शन टोचलं होतं. गोचीड आणि जंत दोन्हींवर चालतं म्हणाला. रिकामी कुपी भावानं ठेवली होती. तिच्यावर दोन औषधांची नावं निघाली, त्यातलं दुसरं क्लोझँटेल. कंपनी वेगळी, बाटली वेगळी, रंग वेगळा, आत औषध तेच. ते अजून रक्तात शिल्लक असताना वरून हे पाजलं गेलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार सुट्या विक्रीची, आणि हीच मला सगळ्यांत मोठी वाटते. औषध नियम, 1945 (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) प्रमाणे जनावरांच्या औषधाच्या लेबलवर ते माणसांसाठी नाही असं लिहावं लागतं आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र छापावं लागतं. ज्यानं हा नियम केला त्याला वाचता न येणारा माणूस डोळ्यांपुढे होता. माझ्या आईला अक्षर येत नाही, पण चित्र कळतं. सरबताच्या बाटलीवर मात्र संत्र्याचं चित्र होतं. ती बाटली चार दिवस पालात, पाण्याच्या कळशीशेजारी उभी होती, आणि पालात माझी चार वर्षांची भाची खेळत होती. तिनं तोंडाला लावली असती तर काय झालं असतं हे मी आजही पुरतं मनात आणू शकत नाही. असं कुठे होतं का, असं कुणी म्हणू नये. लिथुआनियात परदेशातून मदत म्हणून आलेलं हेच जनावरांचं औषध दवाखान्यात चुकून बायकांना दिलं गेलं आणि त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला, हे 1993 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं आहे. तिथे तर डॉक्टर होते.

दुसरी तक्रार टक्क्यांची. एकच औषध पाच टक्क्यांत मिळतं आणि पंधरा टक्क्यांतही मिळतं, आणि दुकानात दोन्हींना एकच वाक्य लावलं जातं, पाच-पाच मिली द्या. दुकानदारदादा, तुम्ही आबांना फसवलं असं मी म्हणत नाही. तुम्हालाही बहुतेक तो आकडा दिसला नव्हता. पण हे औषध तुम्ही विकता, तेव्हा तो आकडा बघणं तुमचं काम आहे. तुमच्या तोंडच्या एका शब्दावर आमचा माणूस शंभर तोंडं उघडून त्यांत औषध ओततो.

तिसरी, नोंद नाही. आमच्या मेंढरांना वर्षभरात शिबिरात कुणी डोस पाजतं, वाटेत कुणी टोचतं, दुकानातून आम्ही आणतो. घाटावर काय दिलं ते कोकणातल्या डॉक्टरांना कळायची सोय नाही आणि इथे काय दिलं ते तिकडे कळत नाही. माणसाच्या लेकराला लसीचं कार्ड असतं. घरदार घेऊन दोन-तीन जिल्हे चालणाऱ्या कळपाजवळ चतकोर कागद नसतो.

चौथी. तेवीस मेंढरांचं सरकारदरबारी काहीच झालं नाही. आम्ही पंचनाम्यासाठी गेलो तेव्हा मेंढरं जिवंत आहेत, पंचनामा कसला, असं उत्तर मिळालं. तोवर मेलेल्या दोघींचे डोळे किंवा मेंदू तपासायला गेले नाहीत. कागदावर ही विषबाधा घडलेलीच नाही. मग दुसऱ्या तालुक्यातल्या डॉक्टरांना ती ओळखू कशी येणार? ते पुन्हा थेंबच सांगणार.

आणखी एक गोष्ट, ती तक्रारीपेक्षा कबुली आहे. पशुवैद्य यायच्या आधी आबांनी पाच आंधळी मेंढरं व्यापाऱ्याला देऊन टाकली होती, मिळेल त्या भावाला. औषध अंगात असताना कापलेल्या जनावराच्या मांसात ते उतरतं, ठरावीक दिवस थांबावं लागतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. कळल्यावर उरलेल्यांतलं एकही आम्ही विकलं नाही. व्यापारी दोनदा आला होता. पण ती पाच कुणाच्या तरी ताटात गेली आणि त्याचं ओझं आबा अजून वागवतात. दुकानात हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

हा प्रश्न एकट्या धनगरांचा समजू नका. कोकणात मेंढी पावसाळ्यात टिकत नाही, पण शेळी घरोघरी आहे. सिंधुदुर्गात कोकण कन्याळ जातीच्या शेळ्या पाळणाऱ्या बायका आहेत, बचत गटातून चार-चार शेळ्या घेतलेल्या आहेत. शेळीलाही या औषधानं असंच अंधत्व येतं. चार शेळ्यांतल्या दोन गेल्या तर त्या बाईचं अर्धं घर बसलं.

म्हणून मागण्या. अवघड एकही नाही.

जंताचं औषध सुटं ओतून विकणं आजपासून बंद करा. बाटली सीलबंद नसेल तर देऊ नका, आणि देखरेख करणाऱ्या साहेबांनी नोव्हेंबर ते मे या काळात घाटाच्या पायथ्याच्या आणि किनाऱ्याकडच्या तालुक्यांत तपासणीला यावं, कारण वाडे तेव्हाच इथे असतात. जूनमध्ये येऊन आमचं कुणी सापडणार नाही.

प्रत्येक बाटलीवर औषधाचं मूळ नाव, किती टक्के, आणि दहा, वीस, तीस किलोच्या जनावराला किती मिली, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत हवं. कंपन्या छापेपर्यंत दुकानदारांनी चिकटपट्टी लावावी. बिलावरही मूळ नाव आणि टक्के लिहावेत. वाचता न येणाऱ्याला तोंडी सांगावं, आणि आधी एक प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात कुठलं औषध दिलंत, रिकामी बाटली आहे का?

प्रत्येक वाड्याला एक जाड पुठ्ठ्याचं डोसकार्ड द्या. तारीख, औषध, टक्के, मिली, कोणी दिलं. टोचणाऱ्यानं आणि पाजणाऱ्यानं त्यावर सही केल्याशिवाय पैसे घेऊ नयेत. 1962 या क्रमांकावर फोन आला की फिरत्या पथकानं आधी ते कार्ड मागावं.

दवाखान्यात टांगायचा काटा ठेवा. कळपातली सगळी मेंढरं तोलायला नकोत. एक मोठं, एक मधलं, एक खंगलेलं तोललं तरी तीन गट पडतात आणि तिन्हींना वेगळं माप देता येतं. आमच्याकडे काटा नसतो. आमचा अंदाज विकण्याच्या वेळी चुकत नाही, पण आजारी मेंढी लोकरीत दिसते त्यापेक्षा फार हलकी असते.

लेंड्यांची तपासणी तालुक्याला होऊ द्या. मायक्रोस्कोप आणि तो बघणारा माणूस, एवढंच लागतं. जंत कोणता आहे ते कळलं तर निम्म्या वेळा हे औषध लागणारही नाही.

आणि डोस दिल्यावर पंधरा दिवसांत स्वच्छ डोळ्यांचं, पसरलेल्या बाहुल्यांचं आंधळं जनावर आलं, तर ती संशयित विषबाधा म्हणून नोंदवा. जिवंत असेल तरी पंचनामा करा, औषधाचा नमुना जप्त करा, मेलं तर शवविच्छेदन करून नमुने पाठवा. औंधला रोगनिदानाची प्रयोगशाळा आहे, परळला आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तपासणारे आहेत, त्यांच्यापर्यंत नमुना पोचवायचा आहे. नोंद झाली तर नुकसानभरपाईचा विचार करता येईल. आज आम्ही भरपाई मागायला गेलो तर घडलं याचाच पुरावा मागतात.

आबांनी उरलेल्यांतली नऊ मेंढरं सांभाळली. दिवसभर ती पालाजवळ असतात, आई त्यांना पाला तोडून आणून घालते. वाडा हलला की घोड्यावर एका वेळी दोनच बसतात, म्हणून भाऊ एकाच वाटेवर चार-चार खेपा करतो. आपल्या हातून गेलं ते आपणच निस्तरायचं, असं आबा म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांचा हात शेवटचा होता, त्याआधी चार हात होते.

ती सरबताची बाटली आईनं धुतलेली नाही. तळाशी दोन बोटं औषध आहे, वर मी मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे आणि मेंढीच्या डोक्याचं चित्र काढलं आहे. इंजेक्शनची कुपी, बिल आणि कॅनचा फोटोही सोबत आहे. हे सगळं पेणला माझ्या कपाटात कुलपात आहे. तुमच्यापैकी कुणीही लेखी पोच देऊन तपासणीला न्यावं. वाडा वैशाखापर्यंत इथेच आहे, मेंढरंही बघता येतील.

आपली,
वाड्यावरची एक मुलगी
पेण, जि. रायगड